फ्रँचाइज टॅग रद्द व्हायला हवा, निदान रनिंग बॅकसाठी तरी

हडसनकाठ

दर मार्चला एनएफएलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉल लीगची, फ्री एजन्सी (करार संपलेल्या खेळाडूंचा बाजार) सुरू झाली की आपल्या मंडळींच्या गप्पांत एक वाक्य हमखास कानावर येतं: "एवढे कोट्यवधी डॉलर मिळतायत, मग तक्रार कसली?" मला या वाक्याचा मनापासून राग येतो. का येतो ते जरा सविस्तर लिहितो.

आधी नियम थोडक्यात. ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, निवडलेला खेळाडू चार वर्षं बांधला जातो. पगार तो कितवा निवडला गेला त्यावरून ठरतो, घासाघिशीला फारसा वाव नाही. पहिल्या फेरीतला असेल तर संघ स्वतःच्या मर्जीने पाचवं वर्ष जोडू शकतो. त्यानंतर खेळाडू मोकळा, निदान कागदावर तरी. पण प्रत्येक संघाला वर्षाला एका खेळाडूवर फ्रँचाइज टॅग लावता येतो. टॅग म्हणजे एका वर्षाचा करार, आणि त्याची रक्कम त्या जागेवर खेळणाऱ्यांच्या सर्वांत मोठ्या पाच पगारांवरून काढलेली. लागोपाठ दुसऱ्यांदा लावला तर २० टक्के वाढ. टॅगच्या नेहमीच्या प्रकारात दुसरा संघ बोली लावू शकतो, पण जुन्या संघाने ती बरोबरीत आणली नाही तर खेळाडूबरोबर पहिल्या फेरीच्या दोन निवडी द्याव्या लागतात, म्हणून सहसा कुणी फिरकत नाही. चार अधिक एक अधिक दोन, झाली सात वर्षं. बाविसाव्या वर्षी आलेला पोरगा एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा बाजारात उभा राहतो.

पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला हे परवडतं, तो पस्तिशीच्या पुढेही खेळतो. रनिंग बॅकचं, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याचं, तसं नाही. चेंडू हातात आला की शंभर-सव्वाशे किलोचे दोघे-तिघे अंगावर येतात, सामन्यात वीस वेळा. सत्तावीस-अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचे गुडघे उत्तर देऊ लागतात. म्हणजे उमेदीची सगळी वर्षं संघाच्या ताब्यात.

सॅक्वॉन बार्कलीचंच बघा. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. २०२० च्या दुसऱ्याच सामन्यात गुडघ्याचा लिगामेंट फाटला. बरा होऊन २०२२ मध्ये १,३१२ यार्ड धावला आणि संघाला प्लेऑफमध्ये घेऊन गेला. त्याबद्दल मिळाला टॅग, १ कोटी ९१ हजार डॉलरचा. आता ही रक्कम २०१७ शी ताडून बघा. तेव्हा रनिंग बॅकचा टॅग १ कोटी २१ लाखांचा होता. म्हणजे सहा वर्षांत तो खाली आला. त्याच काळात संघाची सॅलरी कॅप, म्हणजे पगारखर्चाची कमाल मर्यादा, १६ कोटी ७० लाखांवरून २२ कोटी ४८ लाखांवर गेली. याचं एक कारण टॅगमध्येच आहे: चांगले रनिंग बॅक ऐन भरात बाजारात पोचतच नाहीत, म्हणून मोठे करार होत नाहीत, म्हणून वरच्या पाचांची सरासरी घसरते, म्हणून पुढच्याचा टॅग आणखी स्वस्त.

माझं मत स्पष्ट आहे. हा नियम जायला हवा.

हिशोबी

असहमत. तुमचा बार्कलीबद्दलचा जिव्हाळा समजतो, पण पैसा कुठून येतो तेही बघा. मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सध्याच्या करारानुसार लीगच्या उत्पन्नातला साधारण ४८ टक्के वाटा खेळाडूंचा. तो ठरलेला आहे आणि कॅप त्यातूनच निघते. बार्कलीला पन्नास लाख जास्त गेले तर ते मालकाच्या खिशातून येत नाहीत, त्याच संघातल्या तिसऱ्या-चौथ्या फळीच्या लाइनमनच्या वाट्यातून येतात. ५३ जणांच्या संघात टॅग लागतो एकाला. शिवाय सही केली की टॅगची सगळी रक्कम हमीची असते. नेहमीच्या करारात मथळ्यात दिसणारा आकडा एक आणि हमीचा आकडा भलताच, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आणि हा नियम मालकांनी एकट्याने लादलेला नाही. १९९३ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने मुक्त बाजार मिळवला आणि त्याच्या बदल्यात टॅग आणि कॅप मान्य केली. त्याआधी काय होतं? १९८९ पासून 'प्लॅन बी', ज्यात प्रत्येक संघ ३७ खेळाडू राखून ठेवायचा आणि ज्यांची कुणाला गरज नाही तेच मोकळे व्हायचे. त्यापेक्षा एक टॅग केव्हाही बरा.

मोरपीस

१९९३ चा उल्लेख आलाच आहे तर अर्धा का सांगता? मालकांनी काही खुशीने दिलं नाही. सप्टेंबर १९९२ मध्ये फ्रीमन मॅकनील या खेळाडूच्या खटल्यात मिनियापोलिसच्या ज्युरीने प्लॅन बी हा स्पर्धाविरोधी कायद्याचा भंग आहे असा निर्णय दिला. पाठोपाठ रेजी व्हाइटच्या नावाने दावा उभा राहिला. कोर्टात हरत चालल्यावर मालक टेबलावर आले, आणि तिथेही टॅगच्या रूपाने एक दोर हातात ठेवून गेले. संघटनेने सही केली हे खरं. पण तेव्हा सही करणारे आज खेळत नाहीत, आणि आज ज्याच्यावर टॅग बसतो तो तेव्हा जन्मलाही नव्हता. बार्कलीचा जन्म १९९७ चा.

नागपुरी पॅकर

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो आणि या धाग्यावर गप्प बसवत नाही. ग्रीन बे हे लाखभर वस्तीचं गाव. मालक कुणी धनाढ्य नाही, भागधारक सामान्य लोक. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, मायामी सोडून पंचविशीतला पोरगा जानेवारीत इथे बर्फात का राहील? टॅग नसेल तर आमच्यासारख्या गावांनी घडवलेले खेळाडू मोठ्या शहरांनी उचलून न्यायचे आणि आम्ही बघत राहायचं.

डेव्हान्टे ॲडम्सचं उदाहरण देतो. मार्च २०२२ मध्ये आमच्या ग्रीन बे पॅकर्सने त्याला टॅग लावला. त्याला तो नको होता. मग रेडर्स संघाशी ट्रेड (अदलाबदल) झाला: आम्हाला पहिल्या आणि दुसऱ्या फेरीची एकेक निवड, त्याला पाच वर्षांचा १४ कोटींचा करार. टॅग नसता तर तो गेलाच असता, आणि आमच्या हाती आलं असतं ते फार तर तिसऱ्या फेरीच्या शेवटी मिळणारी भरपाईची निवड. यात अन्याय कुणावर झाला?

हडसनकाठ

@नागपुरी पॅकर, तुमच्याच गावाचा इतिहास तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. १९९३ मध्ये पहिल्यांदा बाजार खुला झाला तेव्हा त्या वर्षीचा सगळ्यांत मोठा खेळाडू, रेजी व्हाइट, कुठे गेला? ग्रीन बेला, स्वतःच्या निर्णयाने, चार वर्षांच्या १ कोटी ७० लाखांच्या करारावर. जानेवारी १९९७ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, त्यानेच पेट्रियट्सच्या क्वार्टरबॅकला तीनदा पाडलं. तो मुक्त बाजारामुळे तुमच्याकडे आला. लहान गावांना टॅग नाही तारत, कॅप तारते, कारण न्यूयॉर्कलाही खर्चाची तीच मर्यादा असते.

@हिशोबी, तुमचा ४८ टक्क्यांचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि माझं म्हणणं त्यातूनच निघतं. वाटा ठरलेलाच असेल, तर खेळाडूला कुठे खेळायचं ते ठरवू दिल्याने मालकांचा एक डॉलरही जात नाही. मग ताबा कशासाठी?

चौथा डाउन

पिट्सबर्गहून लिहितोय, इथे हा विषय अजून दुखरा आहे. आमचा रनिंग बॅक लेव्हिऑन बेल याने २०१७ मध्ये टॅगवर खेळून ४०६ वेळा चेंडू हाताळला. पुढच्या वर्षी पुन्हा टॅग, १ कोटी ४५ लाखांचा. त्याने सहीच केली नाही, अख्खा हंगाम घरी बसला आणि ते सगळे पैसे सोडले. त्याच्या जागी आलेला जेम्स कॉनर, नवख्याच्या पगारावर, प्रो बोलपर्यंत (हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या सामन्यापर्यंत) पोचला. २०१९ मध्ये बेलला जेट्सने चार वर्षांसाठी ५ कोटी २५ लाख दिले, त्या हंगामात त्याने धावून केले ७८९ यार्ड, आणि २०२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याला काढून टाकलं.

म्हणून माझा प्रश्न असा: टॅग नसता तर रनिंग बॅकचा भाव खरंच वर गेला असता का? खेळ आता पासवर चालतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत दरवर्षी ताज्या पायाचे पोरगे स्वस्तात मिळतात. भाव पाडला तो बाजाराने. टॅग काढाल तर संघ पाचव्या वर्षी त्याला सरळ निरोप देतील आणि नवा आणतील.

आणि आपल्याकडच्या आयपीएलमध्ये तर खेळाडूला लिलावात संघ निवडताच येत नाही. २०१० मध्ये रवींद्र जडेजाने दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केली म्हणून त्याला तो पूर्ण हंगाम बाहेर बसावं लागलं होतं. त्या मानाने इथला खेळाडू बराच मोकळा आहे.

मोरपीस

आयपीएलचे दोन महिने संपले की जडेजा भारताकडून खेळतो, त्याचं मानधन वेगळं मिळतं. एनएफएलच्या रनिंग बॅकला दुसरी लीगच नाही जिथे असा पगार मिळेल. एका नियमाने दार बंद केलं की दुसरं दार नाही.

आणि बाजाराने भाव पाडला म्हणता, तर बाजारात जाऊ द्या ना त्याला! २०२४ मध्ये जायंट्सने बार्कलीला दुसऱ्यांदा टॅग लावला नाही, तेव्हा काय झालं? फिलाडेल्फियाच्या ईगल्सने तीन वर्षांचे ३ कोटी ७७ लाख दिले, त्यातले २ कोटी ६० लाख हमीचे. जायंट्सचे मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोर आपल्या व्यवस्थापकाला म्हणाले होते, सॅक्वॉन फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण जाईल. तो गेला. पहिल्याच हंगामात २,००५ यार्ड धावला, संघाने सुपर बोल जिंकला, आणि मार्च २०२५ मध्ये त्याला वर्षाला दोन कोटींच्या वरचा करार मिळाला. याआधी कुठल्याच रनिंग बॅकला एवढा मिळाला नव्हता.

चौथा डाउन

बार्कलीसारखा एखादाच असतो. एकावरून नियम ठरत नाही.

हिशोबी

शिवाय टॅग आता वापरतं कोण? २०२५ मध्ये ३२ संघांपैकी दोघांनीच लावला: बेंगल्सने टी हिगिन्सला आणि चीफ्सने ट्रे स्मिथला. हिगिन्सला तर लगेच चार वर्षांचा साडेअकरा कोटींचा करार मिळाला. मरत चाललेल्या नियमावर एवढा त्रागा का?

हडसनकाठ

कारण तो लावावाच लागत नाही, लावता येतो एवढंच पुरतं. मायका पार्सन्स आठवा. त्याच्या संघाकडे, काउबॉइजकडे, पाचव्या वर्षाचा साधारण २ कोटी ४० लाखांचा करार हातात होता आणि पुढचे टॅग खिशात होते. म्हणून मालक जेरी जोन्स एजंटला बाजूला ठेवून बोलत राहिले, घाई त्यांना नव्हतीच. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये पार्सन्सला ट्रेडची मागणी करावी लागली आणि तो पॅकर्सकडे गेला. टॅग प्रत्यक्षात लागला नाही, तरी सगळी बोलणी त्याच्याच सावलीत झाली. यादीत दोनच नावं दिसतात, धाक मात्र प्रत्येक करारावर असतो.

पूर्ण रद्द होत नसेल तर माझी किमान मागणी सांगतो: कारकिर्दीत एकदाच टॅग, आणि रनिंग बॅकची रक्कम जागेनुसार न काढता कॅपच्या ठरावीक टक्क्यावर.

नागपुरी पॅकर

एकदाच टॅग, हे मलाही चालेल. ट्रेड करून मोबदला मिळवायला तेवढी मुदत पुरते. मात्र टक्केवारीचा मुद्दा पटत नाही. मग किकरही तेच मागेल.

हिशोबी

मागणी ठीक, पण ती पदरात कशी पाडणार? करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे. मालकांना हंगामात अठरावा सामना हवा आहे, म्हणजे संघटनेकडे सौद्याला एक मोठी गोष्ट आहे. तरी ती टॅगवर खर्च होईल असं मला वाटत नाही. सभासद दोन हजारांच्या आसपास, त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात टॅग लागणार नाही. ते किमान पगार आणि निवृत्तीनंतरच्या उपचारांचा खर्च आधी मागतील, आणि ते योग्यच आहे.

मोरपीस

२०२० चा करार १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी मंजूर झाला होता. फरक फक्त साठ मतांचा. ३२ संघांतले सगळे रनिंग बॅक मोजले तर साठाहून बरेच जास्त भरतात.