द रॅस्मसचा ‘डेड लेटर्स’: एका गाण्यापुरताच आहे का?

सहातारा
नमस्कार मंडळी. गिटार शिकायला लागून आठ महिने झाले. परवा ‘इन द शॅडोज’ची सुरुवात बसवली, तळवा तारांवर टेकवून वाजवायची ती दबकी टकटक. तेव्हापासून गाणं डोक्यातून हलत नाही. बँड फिनलंडचा, अल्बम २००३ चा, एवढंच कळलंय. मित्र म्हणतो, या एका गाण्याखेरीज अल्बममध्ये सगळी भरताड आहे. खरंय का? आणि यशाआधी ही मंडळी काय करत होती?

रातराणी
भरताड अजिबात नाही! मी हा अल्बम इतक्या वेळा ऐकलाय की एक गाणं संपताना पुढच्याचा पहिला सूर आधीच कानात वाजतो.

आधीचं सांगते. १९९४ साली हेलसिंकीतल्या शाळकरी पोरांनी काढलेला हा बँड. पहिला अल्बम ‘पीप’ १९९६ चा. गायक लाउरी युलोनेन तेव्हा १७ वर्षांचा होता. त्या काळातलं संगीत ऐकलंस तर हीच माणसं का, असं वाटेल. फंकच्या उड्या, धांगडधिंगा, नुसती मस्ती. ‘डेड लेटर्स’मधली उदासी तिथे शोधूनही सापडायची नाही.

हा अल्बम त्यांनी स्टॉकहोममध्ये केला, निर्माते मिकाएल नॉर्ड अँडरसन आणि मार्टिन हॅन्सन. माझ्या मते खरी कमाल इथे आहे. गिटारी जड, पण चाल कुठेही त्यांच्याखाली दबत नाही. दहा गाणी, जेमतेम चाळीस मिनिटं, आणि प्रत्येक कोरस दुसऱ्यांदा ऐकताना गुणगुणता येतो. अशा साध्या चाली बांधणं फार अवघड असतं.

नाव पण बघ. ज्या पत्राला घेणारा सापडत नाही आणि परत धाडायलाही पत्ता नसतो, त्याला डेड लेटर म्हणतात. हे मनात ठेवून ऐकलं की बरीचशी गाणी कुणाला तरी लिहिलेली, पण न पोचलेली वाटतात. ‘नॉट लाइक द अदर गर्ल्स’ जवळजवळ सहा मिनिटांचं आहे. ते घाईत ऐकू नकोस. शेवटी ‘फ्युनरल साँग’ येतं. त्यानंतर मी लगेच दुसरं काही लावत नाही.

खर्जातला
रातराणीताईंशी सहमत, पण एक भर घालतो. फिनलंडमध्ये ते २००१ च्या ‘इनटू’ या अल्बमनेच विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले होते. निर्माते हेच दोघे. ‘डेड लेटर्स’ने त्यांना देशाबाहेर नेलं, ‘इन द शॅडोज’ २००४ मध्ये ब्रिटनच्या यादीत तिसरं होतं. मी बेस वाजवतो म्हणून आग्रहाने सांगतो, एरो हेइनोनेनचा बेस हेडफोनवर वेगळा काढून ऐक. आकी हाकालाच्या ड्रमला तो चिकटून चालतो, म्हणूनच पाउली रँटासाल्मीच्या गिटारला मोकळी जागा मिळते.

रातराणी
बरोबर, ‘इनटू’ माझ्याकडून राहिलाच. सहातारा, आधी ‘इनटू’ ऐक आणि मग लगोलग ‘डेड लेटर्स’. उजेड कमी कमी होत गेल्यासारखं वाटेल. २०२२ मध्ये ते इटलीतल्या तुरिनला युरोव्हिजन या युरोपातल्या गाण्याच्या स्पर्धेत फिनलंडतर्फे गायले, तेव्हा मी जागी राहून पाहिलं. क्रमांक एकविसावा आला. मला आवाज ऐकायचा होता, तो ऐकला.

सहातारा
ताई, दादा, मनापासून आभार. काल दिवा मालवून दोन्ही अल्बम सलग ऐकले. ‘स्टिल स्टँडिंग’ तिसऱ्यांदा लावलंय. मित्रालाही पाठवलं, पण त्याने अजून ऐकलेलं नाही. ‘फ्युनरल साँग’ एकट्या गिटारवर बसवायचंय. कुणी बसवलंय का? सुरुवात कुठल्या पट्टीत करू?