डिपोनंट म्हणजे नक्की कोण? शपथपत्रातला की लॅटिनमधला?

नाशिककर_मावशी:
गेल्या आठवड्यात आईच्या घराच्या वारसनोंदीसाठी शपथपत्र केलं, टायपिस्टने सहीच्या जागेखाली डिपोनंट असं छापून दिलं, म्हटलं सही करणारी ती डिपोनंट, झालं. काल जर्मनीहून भाचीचा फोन, तिला शाळेत लॅटिन आहे आणि सध्या म्हणे डिपोनंट क्रियापदं चालू आहेत! क्रियापद कुठे सही करतं? कोणी नीट सांगेल का?

वकील_दिवाणी:
ताई, कोर्टात डिपोनंट म्हणजे शपथेवर सांगणारा, मग पिंजऱ्यात उभं राहून सांगो की कागदावर. मराठी मसुद्यात तिथेच 'शपथकर्ता' किंवा 'प्रतिज्ञापत्र करून देणार' असं लिहितात. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 19 रूल 3 आहे, त्यात शपथपत्रात स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येतील तेवढ्याच गोष्टी लिहायच्या, अंतरिम अर्जात ऐकीव चालतं पण ते कशावरून म्हणता ते द्यावं लागतं. उलटतपासणीत एकेक वाक्य पुढे धरून विचारतात, तेव्हा टायपिस्टने लिहिलं म्हणून सुटका नाही. सहीआधी शेवटचा सत्यापनाचा परिच्छेद वाचाच.

संस्कृत_शिकवते:
दोन्हींचं मूळ एकच, लॅटिन देपोनेरे, म्हणजे खाली ठेवणं, बाजूला ठेवणं. साक्षीदार आपलं म्हणणं पुढ्यात ठेवतो. आणि व्याकरणकारांना वाटलं की या क्रियापदांनी कर्मणीचा अर्थ बाजूला टाकलाय, कारण रूप कर्मणी, अर्थ मात्र कर्तरी. लोक्वोर दिसतं 'मी बोलला जातो' सारखं पण अर्थ 'मी बोलते'. आता भाचीला हे आवर्जून सांगा: लॅटिन मोरिओर म्हणजे मी मरतो आणि आपलं म्रियते, दोन्ही एकाच धातूपासूनचे, आणि संस्कृतातही ते आत्मनेपदात (संस्कृत क्रियापदांच्या प्रत्ययांचे दोन गट, त्यातला हा एक, दुसरा परस्मैपद) चालतं, दिसायला अगदी कर्मणी! पण परोक्ष भूतकाळात (लिट्, न पाहिलेल्या जुन्या घटनेसाठीचा भूतकाळ) गेलं की ममार, परस्मैपद. सेक्वोर, मागे जाणे, हेही वेदातल्या सचतेचं भावंड. मला तरी हे शिकवताना दरवेळी अंगावर काटा येतो.

नाशिककर_मावशी:
दोघांचे खूप आभार, भाचीला म्रियतेचं लगेच पाठवलं. वकीलदादा, तुमचं वाचून कागद काढला तर त्यात 'आजोबांच्या निधनाची हकीकत मला स्वतःला माहीत आहे' असं आहे, आणि आजोबा गेले तेव्हा मी जन्मलेही नव्हते, सगळं आईकडून ऐकलेलं. अजून दाखल केलेलं नाही. उद्या सकाळी जाऊन 'आईने सांगितल्यावरून' असं घालून नवीन करून घेते.