३ लाख ६० हजारांची वॅगनआर ४ लाख ४५ हजारांना कशी होते?

ऐरोली_सेक्टर८ :
नमस्कार मंडळी. पहिलीच गाडी घेतोय, तीही जुनी. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून रोज रिक्षावाल्यांच्या विनवण्या करून जीव मेटाकुटीला आलाय. बजेट चार लाख, त्यातलं दीड लाख कर्ज. २०१८ ची कंपनी-फिटेड सीएनजी वॅगनआर बघतोय.

दोन रविवार घालवून तीन गाड्या पाहिल्या. पहिली घोडबंदर रोडवरच्या एका डीलरकडे. बोर्डावर ३,६०,०००. आम्ही "घेतो" म्हणताच त्याने कॅलेंडरचं पान उलटं करून हिशेब मांडला : आरसी (नोंदणीचा दाखला) ट्रान्सफर १२,०००, नंबर प्लेट ३,५००, फाइल चार्ज ५,००० आणि खाली जीएसटी १८ टक्के म्हणून ६४,८००. बेरीज ४,४५,३००. इन्शुरन्स "चालू आहे मॅडम, टेन्शन नाही". ते पान मी घेऊन आलेय, मागे गेल्या वर्षीचा ऑक्टोबर आहे.

दुसरी कोपरखैरण्याला, थेट मालकाकडे, ३,७५,०००. पण गाडी दाखवणारे गृहस्थ म्हणाले, आरसी मेव्हण्याच्या नावावर आहे आणि बँकेचे ४२ हजार बाकी आहेत. तिसरी कंपनीच्याच जुन्या गाड्यांच्या शोरूममध्ये, ४,१०,०००, सहा महिन्यांची वॉरंटी.

नवऱ्याचं म्हणणं, घासाघीस करून डीलरचीच घेऊ. मला ते ६४,८०० पचत नाहीयेत. कोणी समजावेल का?

नौपाडेकर :
पचायला नकोतच. जुन्या गाडीवरचा जीएसटी डीलरच्या मार्जिनवर असतो, पूर्ण किमतीवर नाही. समजा त्याने गाडी ३,२०,००० ला उचलली आणि ३,६०,००० ला विकतोय, तर १८ टक्के फक्त मधल्या ४० हजारांवर, म्हणजे ७,२०० रुपये. लहान गाड्यांवरचा हा दर २०२५ च्या जानेवारीत १२ चा १८ झाला, तेव्हा "जुन्या गाडीवर १८ टक्के" एवढंच लोकांच्या कानावर पडलं. त्यावर काही जणांची दुकानदारी चालू आहे. आणि नोकरदार माणूस स्वतःची गाडी तुम्हाला विकतो तेव्हा जीएसटीचा प्रश्नच येत नाही.

आता ते १२ हजार. केंद्रीय नियमात मोटारीच्या ट्रान्सफरची फी ३०० रुपये आहे, स्मार्ट कार्डाचे २००. तुम्ही कर्ज काढताय, म्हणून बँकेचा बोजा (आरसीवर कर्जाची नोंद) चढवायचे १,५०० धरा. टपाल वगैरे किरकोळ. वरचं सगळं एजंटचं. एजंट वाईट नाही, मीही एजंटच लावतो, पण तो किती घेतो ते त्याच्या तोंडून ऐका, डीलरच्या नको.

नंबर प्लेट : १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते. महाराष्ट्रात चारचाकीचा दर ७४५ अधिक जीएसटी, म्हणजे ८७९ रुपये. शिवाय ती जुन्या मालकानेच लावून द्यायला हवी.

पण मला पैशांपेक्षा दुसरीच काळजी वाटते. डीलरकडच्या गाडीच्या आरसीवर नाव कोणाचं आहे?

विचारतोय कारण मी २०१९ मध्ये माझी ऑल्टो अशाच एकाला दिली. मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून घेतल्या, खरेदीदाराची जागा कोरी. "गिऱ्हाईक मिळालं की लगेच नावावर करतो, साहेब." चौदा महिने माझ्या मोबाईलवर चलानं येत होती. भिवंडी बायपास, कापूरबावडी, एकदा तर थेट नाशिक. फोटोत मागच्या काचेवर आईने चिकटवलेला गणपती स्पष्ट दिसायचा, आणि गाडी कोण चालवतंय ते मला ठाऊक नाही. अपघात झाला असता तर भरपाईसाठी मलाच उभं केलं असतं. नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. त्या १४ महिन्यांत भिवंडीत गाडी ठोकल्याची बातमी वाचली की पोटात गोळा यायचा.

१ एप्रिल २०२३ पासून नियम बदललाय. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी भरून तसं कळवायचं. तुमच्या डीलरकडे हे दोन्ही कागद मागा. चेहरा बघत राहा.

गॅरेजवाला_कळवा :
कागद नौपाडेकरांनी बघितले, गाडी मी सांगतो. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. ३२१८ म्हणजे २०१८ चा ३२ वा आठवडा. मीटर २८ हजार दाखवतंय आणि पुढचे दोन्ही टायर २०२३ चे, तर मीटर मागे फिरवलंय का ते आधी विचारा. सीट बेल्ट शेवटपर्यंत खेचून बघा, मुळाशी गाळाची रेघ किंवा कुबट वास आला तर गाडीने पाणी पाहिलंय, फुकट देत असले तरी घेऊ नका. सीएनजीच्या सिलिंडरची दर तीन वर्षांनी टेस्ट असते. २०१८ ची गाडी म्हणजे दोन तरी झालेल्या पाहिजेत, सर्टिफिकेट मागा. नसेल तर तो खर्च तुमच्या डोक्यावर.

पामबीच_प्रवासी :
एवढी उठाठेव करण्यापेक्षा शोरूमची घ्या. ४,१०,००० जास्त वाटतात, पण रात्री झोप लागते.

नौपाडेकर :
झोप लागते, मान्य. पण वॉरंटीचा कागद नीट वाचा, बऱ्याचदा इंजिन आणि गिअरबॉक्स एवढंच असतं. क्लच, सस्पेंशन, एसी तुमचेच. आणि दहा हजार बजेटच्या वर आहे, ताई बजेट सांगूनच आल्यात.

हां, इन्शुरन्स राहिला. "चालू आहे" हे अर्धंच खरं. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. पाच वर्षं क्लेम नसेल तर ती सवलत ५० टक्क्यांपर्यंत जाते, आणि पॉलिसी तुमच्या नावावर करताना उरलेल्या महिन्यांचा फरक कंपनी तुमच्याकडून घेते. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत अर्ज करा.

मेव्हण्याचं सोपं आहे. मेव्हण्याला बोलवा. तो आला नाही तर समोरचा दलाल आहे असं समजा. आला तर ४२ हजार त्याच्या हातात देऊ नका, त्याच्या बँकेत त्याच्याच कर्ज खात्यावर चेकने भरा. मग बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५. उरलेली रक्कम बोजा उतरल्यावर.

ऐरोली_सेक्टर८ :
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

डीलरला २९-सी विचारला. तो म्हणाला, "मॅडम, एवढं कोणी विचारत नाही." आरसी दाखवली ती कल्याणच्या कुणा बाईंच्या नावावर. मग म्हणाला, जीएसटी सोडतो, घ्या. म्हणजे ते ६४,८०० त्याच्या मनात आले तसे गेलेही. नवरा गप्प.

मेव्हणा खराखुरा निघाला. रबाळ्याच्या कंपनीत आहे, शिफ्ट संपवून युनिफॉर्मवरच आला. टायर २०२२ चे, मीटर ६१ हजार, म्हणजे जुळतंय. सिलिंडरची दुसरी टेस्ट राहिलीय आणि प्लेटही बाकी आहे, दोन्ही तो करून देणार. त्यामुळे भाव ३,७५,००० वरून हलला नाही. मंगळवारी त्याच्या बँकेत जाऊन ४२ हजारांचा चेक भरतोय.

सासूबाई मागच्या सीटवर बसून आल्या. त्यांनी कागद बघितले नाहीत, फक्त पाय पसरून गुडघा पुढच्या सीटला लागत नाही ना ते दोनदा बघितलं.