शिक्षकांचा ताण मोजावा का?

वाळपईची बाई
शिक्षकांचा ताण दरवर्षी मोजायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. आज कुणी तक्रार केली, की "बाईंचा स्वभावच चिडका" म्हणून विषय संपतो. साधनं आहेत. मानसशास्त्रज्ञ कोहेन यांच्या १९८३ सालच्या ताणाच्या प्रश्नावलीची १० प्रश्नांची आवृत्ती गेल्या महिन्याबद्दल विचारते, गुण ० ते ४०. मास्लाक आणि जॅक्सन यांची १९८१ची बर्नआउट (कामाने पार खचून जाणं) प्रश्नावली थकवा, मुलांविषयी आलेला कोरडेपणा आणि 'माझ्या हातून काही होत नाही' ही भावना वेगवेगळी मोजते. जोडीला रक्तदाब आणि लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक.

डिचोलीकर सर
बाई, नाही पटत. कॉर्टिसॉल जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात चढतं, मग रात्रीपर्यंत उतरत जातं. नमुन्याची वेळ चुकली की आकडा फुकट. आणि कारणं ठाऊक आहेतच की! एका खोलीत दोन इयत्ता, माध्यान्ह आहाराच्या नोंदी, वर बीएलओचं, म्हणजे मतदान केंद्राच्या मतदारयादीचं काम. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकी अशैक्षणिक काम शिक्षकाला देता येत नाही. त्याची अंमलबजावणी मागूया.

वाळपईची बाई
सर, बीएलओ निवडणुकीतच मोडतं, तिथे तुमचं कलम थिटं पडतं. कायद्यात बसतं ते माणसाला झेपतं का, हे मोजल्याशिवाय कसं दाखवणार? लाळ नको तर केस घ्या. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, मुळाकडच्या ३ सेंमीत गेल्या तीन महिन्यांचं कॉर्टिसॉल सापडतं. मतदारयादीच्या कामाआधी एकदा, नंतर एकदा.

सांग्याहून
माझी शाळा एकशिक्षकी. अहवालात शाळेचं नाव आलं म्हणजे माझंच आलं. पहिलीची मुलं पाटीवर 'ग' गिरवतात, तोवर चौथीला भागाकार, तेवढ्यात फोन, "माहिती आत्ता पाठवा." दुपारपर्यंत आवाज बसतो. रक्तदाबाची गोळी घेते, शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. "या बाईंना झेपत नाही" असा शेरा एकदा बसला की बदलीच्या वेळी तोच पुढे येणार.

वाळपईची बाई
हा पेच खरा आहे. मग आकडे तालुकावार काढा आणि नमुने शिक्षण खात्याकडे न जाता थेट गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात जाऊ देत.

डिचोलीकर सर
गोमेकॉ चालेल. पण सरासरी किती वर गेली तर दुसरा शिक्षक देणार, हे खात्याने मोजणीआधी लिहून द्यावं. तोवर माझा विरोधच.