सल्ला हवा: जुनं पिआजे, सोन्याचं अतिपातळ घड्याळ सांगलीत विक्रीला आहे, घ्यावं का?

कृष्णाकाठ
गणपती पेठेत ओळखीच्यांकडे जुनं पिआजे (स्विस कंपनीचं घड्याळ) विकायचं आहे. चावीचं, दोनच काटे. झाकणाच्या आत 750 आणि बाईच्या डोक्याचा बारीक शिक्का, मशीनवर 9पी. पट्टा काढून 24 ग्रॅम भरतं आणि तेवढं सगळं सोनं धरून भाव सांगतायत. काय काय तपासू?

अजिंक्यतारा_सातारा
24 ग्रॅमवर हिशेब करूच नका, त्यात मशीन, डायल, काच सगळं आलं. मशीन बाहेर काढून नुसती केस (बाहेरचं सोन्याचं कवच) आणि झाकण तोला. 750 म्हणजे 18 कॅरेट. समजा 14 ग्रॅम भरलं, तर शुद्ध सोनं 10.5 ग्रॅम. हा झाला तळाचा भाव. बाईचं डोकं हा 1995 पूर्वीचा स्विस सरकारी शिक्का आहे, 18 कॅरेटचाच. आपला बीआयएस हॉलमार्क त्यावर नसणारच.

सराफ कट्ट्यावर कॅरेटमीटरवर टंच (सोन्याची शुद्धता) काढून घ्या. कसोटीवर मात्र घासू देऊ नका. ओरखडा काढायला पॉलिश मारलं की पट्टा अडकवायच्या शिंगांच्या कडा गोल होतात, शिक्का पुसट होतो आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच भाव पाडतं. विट्याचे गलाईवाले देशभर सोनं वितळवतात, पण ही वस्तू त्या भट्टीची नाही.

बॅलन्सस्टाफ
सोनं नंतर, आधी मशीन बघा. पिआजेचं 9पी हे मशीन 1957 साली आलं, जाडी अवघी 2 मिमी. एवढ्या जागेत मागचं पातळ झाकण जरा चेपलं तरी आतून मशीनला टेकतं. घड्याळ रेंगाळतं, कधी थांबतंच. म्हणून टाइमग्राफरवर (टिकटिक ऐकून गती मोजणारं यंत्र) दोनदा लावा: पूर्ण चावी देऊन आधी झाकण काढून, मग झाकण बसवून. झाकण बसवल्यावर अॅम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाच्या झोक्याचा कोन) लक्षात येण्याइतका पडला तर झाकण किंवा काच दाबतेय.

डायल वर ठेवून 250 अंशांच्या आसपास मिळाले तर उत्तम. 220 च्या खाली गेले तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करा. चावी खाली ठेवून उभं धरलं की 30-40 अंश कमी येणं चालतं. लिफ्ट अँगल (अॅम्प्लिट्यूड काढायला टाइमग्राफरवर भरायचा, मशीननुसार बदलणारा कोन) या मशीनचाच भरायला सांगा. टाइमग्राफरवर आधीचा 52 तसाच राहिला तर आकडा चुकीचा येऊ शकतो.

काचही बघा. बदललेली काच बुटकी असली तर मिनिट काटा तिला घासतो. काटे हळूहळू पूर्ण 12 तास फिरवून बाजूने भिंगातून पाहा.

कृष्णाकाठ
चालू आहे म्हणतात, पण दिवसाला 6 मिनिटं मागे पडतं.

बॅलन्सस्टाफ
टाइमग्राफरवर गती नीट आणि काटेच मागे पडत असतील, तर कॅनन पिनियन सैल आहे. काटे जोडणारा तो भाग घसरतो, तेवढं काम छोटं. गतीही मंद आणि अॅम्प्लिट्यूडही कमी, तर तेल वाळलंय, पूर्ण खोलावं लागेल. रेग्युलेटर (गती कमी-जास्त करायची दांडी) ढकलून वेळ जुळवू देऊ नका, मूळ दोष झाकला जातो. एचएमटी रोज खोलणारा चांगला कारागीरही इथे अडू शकतो, कारण प्लेट पातळ आणि जरा जोर पडला तरी वाकते. अतिपातळ मशीन हाताळलेला माणूसच शोधा, तो पुण्या-मुंबईत असला तरी चालेल.

मोती_चौक
डायल पुन्हा रंगवलंय का तेही बघा. भिंगाखाली अक्षरांच्या कडा फुगीर दिसल्या, तासांच्या रेघा काट्याच्या टोकाशी जुळल्या नाहीत, किंवा तळाचं ‘स्विस’ कडेला कापलं गेलं असेल, तर शंका घ्या. रीडायलने किंमत बरीच उतरते. बक्कलही तपासा. मूळ सोन्याचं असेल तर त्यावर नाव आणि 750 दोन्ही सापडतील.

चावीच्या दांड्याभोवती गंज आहे का ते झाकण उघडल्यावर पाहून घ्या. असलं घड्याळ पाण्याला टिकत नाही, पावसाळ्यात घामसुद्धा चावीतून आत शिरतो.

अजिंक्यतारा_सातारा
विसार देणार असाल तर चिठ्ठीवर लिहून घ्या: केस आणि मशीनचे नंबर, केसचं निव्वळ वजन, आणि टाइमग्राफरवर घड्याळ नापास झालं तर विसार परत.