मदत हवी आहे : घरात दोन मांजरं, आणि आता सासूबाईंची बाग येतेय

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात सासू-सासरे कायमचे आमच्याकडे ठाण्याला राहायला येत आहेत. आईंची (सासूबाई) साताऱ्याची बागही येतेय, टेंपोत मावेल तेवढी. आमच्याकडे चिंगी आणि भुऱ्या ही दोन मांजरं. चिंगी झाडांकडे ढुंकूनही बघत नाही. भुऱ्या जेमतेम आठ महिन्यांचा, हलणारं प्रत्येक पान त्याला चावून बघायचं असतं. आमच्या स्पायडर प्लँटची लोंबती टोकं त्याने कुरतडून ठेवलीत. ते झाड विषारी नाही एवढंच नशीब.

आईंच्या यादीत मोगरा, गुलाब, जास्वंद, मनीप्लँट, डिफनबेकिया, पानफुटी, अडेनियम, देवाच्या फुलांसाठी पिवळी कण्हेर, सायकस आणि 'लिली' आहे.

मला कळलंय ते असं : मनीप्लँट आणि डिफनबेकियात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की तोंडाची आग होते, लाळ गळते, पण सहसा जिवावर बेतत नाही. कण्हेर, अडेनियम आणि पानफुटी थेट हृदयावर परिणाम करतात. सायकसने यकृत निकामी होतं. मोगरा, गुलाब, जास्वंदीची चिंता नाही.

अडलंय ते पुढे. लिलीबद्दल फार भयंकर वाचलं. आईंच्या लिलीला गवतासारखी पानं आहेत आणि पावसाळ्यात गुलाबी फुलं येतात. ती हीच का? दुसरं, आल्या आल्या बाबांचा अमृतमहोत्सव आहे, पुष्पगुच्छ येणारच. आणि तिसरं, सायकस. आईंच्या माहेरच्या अंगणातल्या झाडाचं ते पिल्लू आहे, त्यांनी लेकरासारखं वाढवलंय. उंच स्टँडवर ठेवलं तर चालेल का? आईंना दुखवायचं नाही, पण भुऱ्याच्या जिवाशी खेळही नको.

प्रतिसाद

ताई, मी पशुवैद्य आहे. वर्णनावरून तुमच्या आईंची ती रेन लिली. नर्सरीत कशालाही लिली म्हणतात. हिचा कंद खाल्ला तर उलट्या-जुलाब होतात, मूत्रपिंडं जात नाहीत. कुंडीत वर मोठे गोटे पसरा, म्हणजे उकरता येणार नाही.

जीव घेणारी लिली तुमच्या पुष्पगुच्छांतून येईल. एशियाटिक, ओरिएंटल वगैरे, मोठ्या पाकळ्यांची. बागेतली डे लिलीही तशीच. फूल, पान, देठ, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराला विषारी. केसरांवरची ती केशरी-तपकिरी पूड बघा, टेबलक्लॉथला लागली तर डाग जात नाही. मांजर शेजारून जातं, पूड अंगाला लागते, मग ते अंग चाटून साफ करतं. पान तोंडात घ्यायचीही गरज नाही. त्यामुळे उंच कपाटावर ठेवून भागत नाही. ही फुलं उंबऱ्याच्या आतच नकोत.

काही तासांत उलट्या, लाळ, मलूलपणा. मग उलट्या थांबतात, घरच्यांना वाटतं उतार पडला, आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. लोक फसतात ते इथेच. अंगावर पराग दिसला तरी लक्षणांची वाट न बघता निघा. यावर उतारा नाही. शिरेतून सलाईन सहसा 48 ते 72 तास चालतं, आणि ते 18 तासांच्या आत सुरू झालं तर मांजर वाचायची शक्यता चांगली असते. घरी मीठ-पाणी किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड पाजून उलटी काढू नका. चावलेल्या झाडाची फांदी पिशवीत घालून सोबत आणा.

सायकसला माझं स्पष्ट नाही. बिया सर्वांत वाईट, पण पानं आणि खोडही विषारीच. आणि आठ महिन्यांच्या बोक्याला कुठलाच स्टँड उंच नाही.

प्रतिसाद

पत्रिकेत सरळ छापा : 'कृपया पुष्पगुच्छ आणू नयेत.' हल्ली बरेच जण छापतात, कुणाला वावगं वाटत नाही. तरी आले तर हॉलवरच वाटून टाका. घरी गुलाब आणि जरबेरा न्या.

भुऱ्याला त्याचं स्वतःचं हिरवं द्या. घटस्थापनेला पेरतो तसे गहू पसरट कुंडीत पेरा, बोटभर उगवले की त्याच्यापुढे ठेवा. आमची मनी तेव्हापासून मनीप्लँटला फारशी तोंड लावत नाही. तरी आम्ही तो टांगलाय आणि वेल वाढला की छाटतो. हे पेरायचं काम तुमच्या आईंकडेच सोपवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. आईंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. परागाचं ऐकून त्यांनीच पत्रिकेतली ओळ सांगितली. कण्हेर, अडेनियम आणि पानफुटी साताऱ्यातच शेजारी जातील. सायकस नणंदेच्या अंगणात लावायचं ठरलं, तिच्याकडे ना मांजर ना कुत्रं (सायकस कुत्र्यांनाही तितकंच घातक आहे). आईंना वाईट वाटलं, ते मी नाकारत नाही. वर्षातून दोनदा त्यांना तिथे घेऊन जायचं मी कबूल केलंय. डिफनबेकियाही येणार नाही. मनीप्लँट टांगून ठेवू.

एकच राहिलं : ठाण्यात रात्री उघडा असणारा, मांजराला दाखल करून सलाईन लावणारा दवाखाना कुणाच्या अनुभवातला असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. टेंपो यायच्या आत नंबर फ्रिजवर चिकटवायचा आहे.