सेंटर शूटच्या लाटेवर नाव आडवी झाली की उलटतेच. काय चुकतंय?

भिजलेला_पुणेकर:
मंडळी, कोलाडला कुंडलिकेवर चार-पाचदा राफ्टिंग केलं होतं. त्या जोरावर व्हर्जिनियात आल्यावर कयाक (एकट्याने वल्हवायची अरुंद नाव) घेतली. तलावात रोल, म्हणजे उलटलेली नाव आत बसूनच सरळ करणं, दहातून आठ वेळा जमतो. पण पोटोमॅक नदीवर डिफिकल्ट रन ओढ्याजवळच्या सेंटर शूटला (नदीतल्या एका वेगवान धारेला) जागच्या जागी उभ्या लाटेवर चढलो, की पाच सेकंद स्वर्ग. मग टोक जरासं वळतं, नाव आडवी होते आणि काही कळायच्या आत खाली डोकं वर पाय. शनिवारी चारदा झालं. चौथ्यांदा रोलही लागला नाही, स्कर्ट (कमरेभोवतीचं, नावेचं तोंड झाकणारं कापड) ओढून बाहेर पडलो. एक सँडल वॉशिंग्टनला पुढे गेली.

वल्हेवाली:
प्रवाहाच्या वरच्या बाजूला उलटता ना? सगळे तिकडेच उलटतात. नाव आडवी झाली की खालच्या अंगाला फेस उकळत असतो. त्याला घाबरून आपण त्याच्यापासून लांब झुकतो. मग प्रवाहाच्या वरच्या बाजूची कड पाण्यात रुतते, येणारं पाणी तिच्यावर चढतं आणि खेळ खलास. कोलाडच्या गाइडने 'हाय साइड' ओरडून सगळ्यांना एका बाजूला ढकललं असेल, ते याचसाठी. फेसाकडे झुका, वरची कड गुडघ्याने उचला, वल्हं फेसावर टेका. कोपर मात्र खाली, अंगाजवळ. हात डोक्यावर गेला तर खांदा निखळतो. माझा निखळलाय, तीन महिने पोळ्या नवऱ्याने लाटल्या. (नकाशे छान होते.)

उजवा_काठ:
ताईंशी सहमत. मुळात आडवं होऊ नये म्हणून वल्हं मागे सुकाणूसारखं धरा आणि नजर वरून येणाऱ्या पाण्यावर ठेवा, नावेच्या टोकावर नको.
दुसरं, पाणी. कुंडलिकेला भिऱ्याचं वीजघर सकाळी पाणी सोडतं, दुपारी नदी ओसरते, सगळं घड्याळावर. पोटोमॅकला असा नळ नाही. शेनानडोआच्या खोऱ्यात पाऊस झाला की इथे एक-दोन दिवसांनी पाणी चढतं, तेव्हा डोक्यावर लख्ख ऊन असतं. लिटल फॉल्सचा गेज (पाण्याच्या पातळीचा आकडा) निघायच्या दिवशी सकाळी बघा, आदल्या रात्रीचा आकडा धरू नका.
खडकाच्या पायरीखालच्या भोवऱ्याची (म्हणजे मागे उलटणाऱ्या त्या फेसाच्या पट्ट्याची) टोकं प्रवाहाच्या दिशेने वळलेली असतील तर तो कडेने सोडतो. वरच्या दिशेने वळलेली असतील तर धरून ठेवतो. काठापासून काठापर्यंत सरळ रेघ दिसली तर जाऊच नका. खाली ब्रुकमाँटचा बंधारा आहे, वरून अगदी गरीब दिसतो. तिथे माणसं बुडाली आहेत.

भिजलेला_पुणेकर:
ताई, आज पुन्हा गेलो. फेसाकडे झुकलो आणि चक्क दोनदा आडवा तरंगत राहिलो! तिसऱ्यांदा उलटलो, पण रोल लागला. आता नवीनच पंचाईत: आडवा टिकतो, पण तिथून बाहेर कसं पडायचं?

वल्हेवाली:
वल्ह्याने पुढे-मागे सरकत भोवऱ्याचं टोक गाठा. आणि सँडलला पट्टा लावा.